लाल गोळीची जन्मकथा

गेल्या वर्षी आमच्या वहिनींना दिवस गेले. तिसऱ्या महिन्यात गावच्या आशाताई घरी आल्या, त्यांनी नाव नोंदवून घेतले आणि लाल गोळ्यांच्या पट्ट्या हातात ठेवल्या. "रोज एक, जेवणानंतर. चहाबरोबर घेऊ नका," एवढे सांगून त्या पुढच्या घरी गेल्या. आशाताईंची पाठ वळताच आजीने त्या पट्ट्या तांदळाच्या डब्यात टाकल्या. "या गोळ्यांनी पोर काळं होतं," हे तिचे मत. वहिनींनी माझ्याकडे पाहिले, कारण घरात कॉलेजात जाणारा मीच. मी म्हणालो, "आजी, तसं काही नसतं." आजीने लगेच विचारले, "कशावरून?"

या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. आजीच्या म्हणण्याला पुरावा नव्हता, पण माझ्याजवळ तरी कोणता होता? गोळी सरकारी आहे आणि डॉक्टर सांगतात, यापलीकडे मला काहीच ठाऊक नव्हते. त्या 'कशावरून'चा शोध घेताना जे वाचनात आले ते आपणांपुढे ठेवण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे. मी कला शाखेचा विद्यार्थी आहे, वैद्यकाचा नव्हे. परंतु पुरावा कशाला म्हणावे हा प्रश्न तर्कशास्त्राचा आहे, इतिहासाचा आहे आणि अर्थशास्त्राचाही आहे. म्हणून या विषयाला आपल्या वार्षिकात जागा मागण्यात काही वावगे नाही असे वाटते.

लाल गोळीत दोन द्रव्ये असतात. एक लोह आणि दुसरे फॉलिक आम्ल. लोहाचा आणि रक्ताचा संबंध जुन्या वैद्यांनाही माहीत होता. फॉलिक आम्लाची गोष्ट मात्र नवी आहे, आणि तिची सुरुवात आपल्या मुंबईत झाली.

परळची प्रयोगशाळा

१९२८ साली ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टरीण बाई मुंबईत आल्या. त्यांचा जन्म १८८८ चा. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र शिकून झाल्यावर त्या लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या आणि १९२० मध्ये डॉक्टर झाल्या. मुंबईत डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी स्त्रियांच्या बाळंतपणातील मृत्यूंची चौकशी हाती घेतली होती. गिरणगावातील कामगार स्त्रियांमध्ये एक विचित्र दुखणे आढळत होते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत बाई पांढरीफटक पडे, पायांवर सूज येई, दम लागे, आणि कित्येकदा बाळंतपणात किंवा त्यानंतर थोड्याच दिवसांत ती दगावे. या दुखण्याचे कारण शोधण्यासाठी विल्सबाईंना बोलावले होते. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांना जागा मिळाली.

साधा रक्तक्षय आणि हे दुखणे यांत सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट फरक दिसतो. लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या रक्तक्षयात तांबड्या पेशी लहान आणि फिकट असतात. या बायकांच्या रक्तात तांबड्या पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. असे रक्त डॉक्टरांना दुसऱ्या एका रोगातून परिचित होते. 'पर्निशस ॲनिमिया' या नावाच्या त्या रोगावर १९२६ मध्ये अमेरिकेतील मायनॉट व मर्फी यांनी प्राण्यांचे यकृत खाऊ घालण्याचा उपाय शोधला होता. त्याबद्दल त्यांना १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मग मुंबईचे दुखणे म्हणजे हाच रोग का?

विल्सबाईंनी तर्काबरोबर वस्तीतली पाहणीही सुरू केली. वेगवेगळ्या वस्त्यांतील बायका काय खातात, कशा राहतात, याच्या नोंदी केल्या. त्यांच्या त्या वेळच्या निबंधांवर मेहता आणि तळपदे अशी दोन सहलेखकांची नावे छापलेली आहेत. परदेशी विदुषीचे कौतुक करताना ही नावे आपण विसरू नयेत. पाहणीत असे आढळले की ज्यांचा आहार सर्वांत निकृष्ट त्यांच्यात हे दुखणे सर्वांत जास्त. त्यात गरीब मुस्लिम स्त्रियांचे हाल अधिक होते. म्हणजे शोधायची गोष्ट ताटात होती, निदान ताटात नव्हती म्हणून सापडत नव्हती.

उंदीर, माकड आणि यीस्ट

गरीब घरातील आहारासारखा आहार उंदरांना दिला तर त्यांनाही रक्तक्षय झाला, आणि त्यात यीस्ट मिसळले तर तो टळला. वाचणाऱ्याला वाटेल, झाले, उत्तर सापडले. पण पुढे लक्षात आले की उंदरांच्या रक्तक्षयात त्यांच्या अंगावरील उवांमधून पसरणाऱ्या एका संसर्गाचा हात होता. शास्त्रात असे घडते. पाऊल बरोबर दिशेने पडलेले असते, पण ज्या दगडावर पडले तो डळमळीत निघतो. म्हणून पुरावा पुन्हा तपासावा लागतो. बाईंनी माकडांवर प्रयोग केले. निकृष्ट आहाराने खंगलेल्या माकडांना यीस्टच्या अर्काने गुण आला.

हा अर्क म्हणजे 'मार्माइट'. दारूच्या भट्टीत उरलेल्या यीस्टपासून तयार होणारा, विलायतेत पावाला लावून खातात तो काळा, खारट, चिकट पदार्थ. विल्सबाईंनी तो आजारी गरोदर बायकांना दिला. चार-पाच दिवसांत रक्तात कोवळ्या तांबड्या पेशी भराभर वाढू लागल्या, भूक लागली, आणि मरणाच्या दारातून बाया परत आल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केले.

त्याहूनही महत्त्वाचा मुद्दा पुढे आहे. यकृताचा कच्चा अर्क या बायकांना लागू पडे. परंतु तोच अर्क शुद्ध करून, पर्निशस ॲनिमियावर हमखास चालणारा असा करून दिला की मुंबईच्या दुखण्यावर त्याचा उपयोग होत नसे. याचा अर्थ काय? शुद्ध करताना जे टाकून दिले जात होते त्यातच या बायकांचे औषध होते. तेव्हा रोग वेगळा आणि कमी पडणारे द्रव्यही वेगळे. त्या अज्ञात द्रव्याला पुढे 'विल्स घटक' असे नाव पडले. तर्कशास्त्राच्या तासाला आपण व्यतिरेकाची पद्धत शिकतो. तिचे इतके स्वच्छ उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही.

पुढे १९४१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास येथे मिचेल, स्नेल व विल्यम्स यांनी सुमारे चार टन पालकाच्या पानांवर प्रक्रिया करून एक द्रव्य वेगळे काढले. लॅटिनमध्ये 'फोलियम' म्हणजे पान, म्हणून त्याचे नाव फॉलिक आम्ल. १९४५ मध्ये ते लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने तयार झाले. त्या संशोधनाचे सूत्रधार होते आंध्रातील भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. मुंबईच्या गिरणगावातून निघालेला प्रश्न असा एका भारतीयाच्या देखरेखीखाली गोळीच्या रूपात उतरला. भारत सरकारने १९७० मध्ये पोषणजन्य रक्तक्षय प्रतिबंधक कार्यक्रम सुरू करून गरोदर स्त्रियांना लोहाबरोबर हे द्रव्यही देण्यास आरंभ केला.

मरणारी बाई उठली, पण न घडलेले संकट कसे मोजावे?

आता कथेचा दुसरा भाग. मार्माइट दिले आणि पाच दिवसांत रक्त सुधारले, यात शंकेला फारशी जागा नाही. परिणाम मोठा आणि झटपट असेल तर साध्या निरीक्षणाने तो ओळखता येतो. परंतु संकट मुळात क्वचित येणारे असेल आणि औषधाने ते टाळायचे असेल तर? ते आले नाही ते औषधामुळे की नशिबाने, हे कसे ओळखायचे?

गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत बाळाची चेतानलिका, म्हणजे ज्यातून पुढे मेंदू व मज्जारज्जू घडतात ती नळी, मिटून पूर्ण होते. ती नीट मिटली नाही तर बाळाचा कणा दुभंगलेला राहतो किंवा कवटी व मेंदू पुरते घडतच नाहीत. १९६५ मध्ये इंग्लंडमध्ये हिबर्ड व स्मिथेल्स यांनी या व्यंगाचा फॉलिक आम्लाच्या कमतरतेशी संबंध असावा असे सुचवले. स्मिथेल्स यांनी नंतर, असे मूल पूर्वी झालेल्या मातांना पुढच्या गर्भधारणेच्या आधीपासून जीवनसत्त्वे दिली. १९८० मध्ये त्यांनी आकडे प्रसिद्ध केले. जीवनसत्त्वे घेतलेल्यांच्या १७८ बाळांपैकी एकाला व्यंग होते, न घेतलेल्यांच्या २६० पैकी १३ जणांना.

फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे. तरीही शंका उरलीच, आणि ती रास्त होती. गोळ्या घेणाऱ्या बायका आधीच ठरवून, तयारी करून आलेल्या होत्या. न घेणाऱ्यांच्या गटात पुष्कळ जणी डॉक्टरांकडे पोचल्या तेव्हा दिवस गेलेले होते. जी बाई आधीपासून काळजी घेते तिचे खाणेपिणे, घरची परिस्थिती, शिक्षण, सगळेच वेगळे असू शकते. मग यश गोळीचे की परिस्थितीचे? आपल्याकडे शिकवणी लावणारी मुले जास्त गुण मिळवतात. ते शिकवणीमुळे, की शिकवणी परवडणाऱ्या घरात अभ्यासाला स्वतंत्र खोली असते म्हणून? प्रश्न तोच आहे.

यावर उपाय एकच. कोणाला काय मिळावे हे ना डॉक्टरांनी ठरवायचे, ना रुग्णाने, ते चिठ्ठी टाकल्यासारखे दैवावर सोपवायचे. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९८३ मध्ये अशी चाचणी सुरू केली. ७ देशांतील ३३ केंद्रांत, पूर्वी व्यंग असलेले मूल झालेल्या १८१७ स्त्रिया तीत सहभागी झाल्या. त्यांचे चार गट पडले. पहिल्या गटाला फॉलिक आम्ल, दुसऱ्याला इतर जीवनसत्त्वे, तिसऱ्याला दोन्ही आणि चौथ्याला दोन्ही नाहीत. कोणती गोळी कोणाला गेली हे बाईलाही ठाऊक नव्हते आणि तिच्या डॉक्टरलाही.

काही डॉक्टरांचा याला कडवा विरोध होता. जीवनसत्त्वाचा गुण असण्याचा संभव असताना अर्ध्या बायकांना ते न देणे अन्यायाचे आहे, असे ते म्हणत. हा आक्षेप हलका मानता येत नाही. त्याला उत्तर असे की गुण आहे हे तेव्हा सिद्ध नव्हते, अपाय नाही हेही सिद्ध नव्हते, आणि सिद्ध न करताच थांबलो असतो तर पुढच्या सगळ्याच माता अंधारात राहिल्या असत्या.

एप्रिल १९९१ मध्ये चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली, कारण उत्तर मिळाले होते. ज्यांच्या गर्भारपणाचा निकाल कळला होता अशा ११९५ जणींपैकी फॉलिक आम्ल मिळालेल्या ५९३ मध्ये ६ बाळांना व्यंग होते, न मिळालेल्या ६०२ मध्ये २१ बाळांना. धोका ७२ टक्क्यांनी कमी झाला होता. इतर जीवनसत्त्वांचा तसा उपयोग दिसला नाही. पुढच्याच वर्षी हंगेरीतील चाचणीने, पूर्वी असे मूल न झालेल्या स्त्रियांतही लाभ होतो हे दाखवले. त्या २७ बाळांतील प्रत्येकामागे एक आई आहे हे आकडे वाचताना विसरू नये. आज आपल्याला जे सहज सांगता येते ते तिच्या सहभागामुळे.

उलट बाजूचे उदाहरण

चाचणीची कटकट कशाला, अनुभवी डॉक्टर सांगतात ते पुरे, असे कोणी म्हणेल. त्याने डीईएस या औषधाचा इतिहास पाहावा. हे कृत्रिम स्त्री-संप्रेरक गर्भपात टाळते, असे अमेरिकेतील नामांकित डॉक्टरांनी १९४० नंतरच्या दशकात सांगितले. त्यांच्या अभ्यासाला योग्य तुलनेचा गट नव्हता. १९५३ मध्ये शिकागोच्या डिकमन यांनी तशी तुलना करून दाखवली आणि औषधाचा काहीही फायदा नाही असे आढळले. तरीसुद्धा ते लिहून देणे चालूच राहिले. १९७१ मध्ये बोस्टनच्या हर्ब्स्ट व सहकाऱ्यांना तरुण मुलींमध्ये योनिमार्गाचा एक दुर्मिळ कर्करोग आढळला. त्या मुलींच्या माता गरोदरपणी हेच औषध घेत होत्या. म्हणजे पुरावा मिळणे ही एक गोष्ट, आणि तो ऐकला जाणे ही दुसरी. मधली अठरा वर्षे न ऐकण्यात गेली.

अशा अनुभवांनंतर जगाने एक धडा घेतला, पण तो अर्धवट घेतला. गरोदर स्त्रीला जपायचे म्हणून तिला औषधांच्या चाचण्यांतून वगळण्याची रीत पडली. दिसायला हे संरक्षण. प्रत्यक्षात ती आजारी पडायची थांबत नाही, आणि तिला औषध देताना डॉक्टरांच्या हाती माहिती मात्र नसते. करोनाच्या लशींच्या पहिल्या मोठ्या चाचण्यांत गरोदर स्त्रिया नव्हत्या. आपल्या देशात लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. गरोदर स्त्रियांना परवानगी मिळाली २ जुलैला. मधल्या महिन्यांत दुसरी लाट येऊन गेली होती. म्हणून, तिला न विचारता तिच्यावर प्रयोग करणे हा जसा अन्याय, तसा तिच्या प्रश्नावर प्रयोगच न करणे हाही अन्यायच. पूर्ण माहिती देऊन, तिच्या भाषेत समजावून, नाही म्हणण्याची मुभा ठेवून घेतलेली संमती हा यातला मार्ग आहे.

आपला यात संबंध काय?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. विल्सबाई मुंबईत उतरल्या त्याला नव्वद वर्षे होऊन गेल्यावरचा हा आकडा आहे. औषध सापडले, गोळी स्वस्त झाली, घरापर्यंत पोचली. मग अडते कोठे? काही तांदळाच्या डब्यात अडते, हे मी पाहिले आहे. पण सगळा दोष आजीवर टाकून मोकळे होता येणार नाही. गोळीने मळमळते, शौचास काळी होते, आणि असे होणार हे आधी कोणी नीट सांगत नाही. घरात बाई शेवटी जेवते आणि तोवर पालेभाजी संपलेली असते. उरली तर ती इतकी शिजलेली असते की त्यातले बरेच फॉलिक द्रव्य नाहीसे झालेले असते. विल्सबाईंनी शोध ताटातून सुरू केला होता. तो तेथेच पुरा व्हायचा आहे.

दुसरी गोष्ट विद्यार्थिनींसाठी. चेतानलिका २८ दिवसांत मिटते. पाळी चुकली, शंका आली, तपासणी झाली, नाव नोंदले, एवढे होईपर्यंत ते दिवस बहुधा निघून गेलेले असतात. वहिनींना तिसऱ्या महिन्यात मिळालेली गोळी त्यांच्या रक्तासाठी योग्यच होती, पण बाळाच्या कण्याच्या दृष्टीने ती उशिरा आली. म्हणून मूल व्हावे अशी इच्छा असलेल्या स्त्रीने गर्भधारणेच्या आधीपासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घ्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आधी व्यंग असलेले मूल झाले असेल तर मात्रा अधिक लागते व ती डॉक्टरांनीच ठरवायची असते. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. ती गुपचूप खिडकीबाहेर टाकणारेही आठवत असतील. तिच्यातही हीच दोन द्रव्ये होती. का देतात, हे सांगितले असते तर कदाचित कमी गोळ्या बाहेर गेल्या असत्या.

असो. हे सगळे वाचून झाल्यावर मी सुटीत घरी गेलो आणि आजीला गिरणगावातील बायकांची गोष्ट सांगितली. चाचणी, आकडे यांतले फारसे काही सांगितले नाही. फक्त एवढे सांगितले की शंभर वर्षांपूर्वी मुंबईत तिच्या आजीच्या वयाच्या बायका बाळंतपणात पांढऱ्या पडून जात होत्या, आणि एका बाईने त्यांच्या ताटात काय कमी आहे ते शोधले. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने तिच्या थोरल्या जावेचे नाव घेतले. ती पहिल्या बाळंतपणात गेली होती, हे आमच्या घरात मी प्रथमच ऐकले. "ती पण अशीच पांढरी पडली होती," आजी म्हणाली.

वहिनींना मुलगी झाली आणि दोघी सुखरूप आहेत. हा माझ्या गोळीचा पुरावा नव्हे, एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही, हे वर लिहिलेच आहे. पण आजीने विचारलेला 'कशावरून' हा प्रश्न मात्र योग्य होता, आणि तो विचारण्याचा तिला पूर्ण हक्क होता. तो आपणही विचारावा. डॉक्टरांना, जाहिरातींना, वडीलधाऱ्यांना आणि स्वतःलाही. आणि कोणी आपल्याला विचारला तर गप्प बसण्याऐवजी उत्तर शोधण्याची तसदी घ्यावी, एवढीच विनंती.